घोड्यावरची कुस्ती

स्वरूपचं तिसरं पात्र मेलं तेव्हा बाकीचे मिरचीभजी खात होते. कुणी हळहळलं नाही. उपासनानं फक्त चटणीची वाटी थोडी अलीकडे ओढली, कारण मृताचे कागद तिच्यात पडायला आले होते.

टिळकवाडीत सौम्याच्या घरी वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. एका कल्पित राज्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याची ताकद, चपळाई, बुद्धी कागदावर मांडायची आणि राक्षस समोर आला की आपण काय करतो ते तोंडानं सांगून वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा चांगला पडला तर राक्षस मेला, वाईट पडला तर आपण. राज्य कसं चालतं, राक्षस कुठून येतो, कुठला डाव मान्य आणि कुठला नाही, हे सगळं सौम्या ठरवायची. ती वकील होती. न्यायाधीश व्हायला तिला अजून वीस वर्षं होती, तोवरची हौस ती रविवारी भागवून घेत असे.

खेळाडूंत हाडांचा डॉक्टर बुद्धप्रिय आणि त्याची बँकेतली बायको उपासना होते. दोघेही मूळचे निपाणीचे, शांतपणे खेळायचे आणि शांतपणे जिंकायचे. तिसरा स्वरूप. तो बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. ते दोन तासांत उरकायचं आणि उरलेले सहा तास खेळाच्या नियमांत पळवाटा शोधायच्या, असा त्याचा दिनक्रम होता. पळवाटा त्याला सापडतही. फक्त प्रत्येक पळवाटेच्या टोकाला राक्षस उभा असे.

"तीन झाली," सौम्यानं वहीत लिहिलं. "चौथं मेलं तर खुर्ची खाली करायची. दिपाली आठ महिने वाट बघालीय."

दिपाली म्हणजे सौम्याची मावसबहीण. टेबलाला खुर्च्या चारच होत्या आणि पाचवी ठेवली तर कपाट उघडत नव्हतं. स्वरूपला या शहरात दुसरे मित्र नव्हते. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं ती जागा ही एवढीच होती, आणि तो बोलायचाही आठवड्याचं साठवून.

"चौथं मरणार नाही," तो म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. त्रेचाळीस ओळींचा तक्ता तयार होता. म्हणजे तिसरं पात्र जिवंत असतानाच त्यानं चौथ्याची तयारी केली होती.

"अश्वकेसरी वज्रबाहू," त्यानं वाचलं. "उंची सात फूट. छाती बावन्न इंच. घोड्यावर बसून कुस्ती करतो."

"घोड्यावर बसून काय करतो?" बुद्धप्रियनं भजं खाली ठेवलं.

"कुस्ती. आता नियम काय सांगतो? शत्रूला मिठीत धरून ओढत न्यायचं असेल तर आपला वेग निम्मा होतो. बरोबर? पण आपण घोड्यावर असलो तर पळतं कोण? घोडा. शत्रूला धरलंय कुणी? मी. मग घोड्याचा वेग निम्मा का म्हणून व्हावा? चौखूर यायचं, राक्षसाची मान बगलेत धरायची, फरफटत दरीपर्यंत न्यायचं आणि सोडून द्यायचं."

"बुद्धी किती हाय याची?" उपासनानं तक्त्यात डोकावत विचारलं.

"तीन. सगळे गुण ताकदीत घातलेत."

"वीसपैकी तीन," बुद्धप्रिय म्हणाला. "पात्र मालकाच्या वळणावर जातंय."

सौम्यानं पेन टेबलावर आपटलं. "नियमात नसलेला डाव मी तसाच मान्य करणार नाही. घोड्यावरून कुस्ती होते याला आधार काय?"

इथं स्वरूपनं गप्प राहायला हवं होतं. पण त्याच्या घराण्यात अंगाची पैलवानकी आजोबांपाशी संपली होती आणि याच्याकडे फक्त तोंडाची उतरली होती. "आधार? आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती हाय. सांबऱ्याचे आमचे भावकू आप्पा तरुणपणी घोड्यावरनं कुस्ती करायचे. माळावर. लोक बघायला यायचे."

"छान," सौम्या म्हणाली. "मग साक्षीदार हजर कर. पुढचा रविवार."

भावकू आप्पा हे स्वरूपच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय बाहत्तर, कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. आयुष्यात त्यांनी तीन गोष्टी केल्या नव्हत्या: चहा प्यायला नव्हता, खोटं बोलले नव्हते आणि घोड्यावर बसले नव्हते. स्वरूपला पहिली तेवढी माहीत होती, म्हणून गुरुवारी तो त्यांच्या गावी, सांबऱ्याला जाताना बदाम घेऊन गेला.

आप्पांनी बदाम बाजूला ठेवले आणि वज्रबाहूचा कागद हातात घेतला. चष्मा लावून दहा मिनिटं वाचला.

"वस्ताद कोण ह्येचा?"

"वस्ताद... नाही लिहिला."

"तालीम?"

"तीपण नाही, आप्पा. हा खेळातला हाय. खोटा."

"खोटा असला म्हणून काय वाऱ्यावर सोडायचा? खुराक न्हाय, वस्ताद न्हाय, गाव न्हाय. असल्या पोराला कोण मैदानात उतरवंल?" आप्पांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. "आनि ह्यो घोड्यावर कशाला बसलाय?"

स्वरूपनं वेगाचा नियम समजावून सांगितला. आप्पांनी तो नीट ऐकला. मग म्हणाले, "कुस्ती निकाली कवा हुती?"

"पाठ जमिनीला लागली की."

"मग घोड्यावर बसल्याल्याची पाठ जमिनीला लागणार कशी? ह्यो कवाच हरणार न्हाय की रं!"

"तेच तर!" स्वरूप खूश झाला.

"तेच तर म्हंजे? ही लबाडी हाय."

स्वयंपाकघरातून शालूबाई, म्हणजे आप्पांच्या बायको, पोह्यांची ताटली घेऊन आल्या. "पोरगं काय मागालंय ते तर बघा आधी. बदाम घेऊन आलंय म्हंजे काम हाय."

मग स्वरूपनं काम सांगितलं. रविवारी टिळकवाडीत यायचं आणि मी घोड्यावरनं कुस्ती करत होतो एवढं एक वाक्य बोलायचं. नाहीतर माझी खुर्ची जाईल.

"नोकरीतली?" आप्पा दचकले.

"न्हाय. खेळातली."

आप्पांची पंचाईत झाली. नातवाला नाही म्हणवेना आणि खोटं बोलवेना. अशा वेळी शहाणा माणूस आजारी पडतो. पण आप्पा आयुष्यात आजारीही पडले नव्हते. त्यामुळे त्यांनी तिसरा मार्ग काढला.

"मी क्येली न्हाय ती क्येली म्हनून सांगायचो न्हाय," ते म्हणाले. "पर रविवारी दुपारच्या आत क्येली, तर मग क्येलीच की. सत्याप्पाकडं घोडा हाय. रविवारी सकाळी तुज्या त्या वकीलबाईला हिकडंच आन. तू घोड्यावर बस. राक्षस मी हुतो."

स्वरूप नको नको म्हणत असतानाच आप्पांनी सत्याप्पाला हाक मारली. सत्याप्पा शेजारीच राहायचा आणि भिंतीपलीकडून सगळं ऐकतच होता, त्यामुळे तो हाक संपायच्या आधीच उगवला.

रविवारी सकाळी सौम्या, बुद्धप्रिय आणि उपासना गाडी घेऊन सांबऱ्याला पोचले, तेव्हा माळावर शंभर-दीडशे माणूस जमलं होतं. कुणीतरी हलगी आणली होती. आप्पा लांग कसून, अंगाला माती लावून उभे होते. वय झालं तरी मांड्या खांबासारख्या होत्या. सौम्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्वरूपकडे पाहिलं आणि वही उघडली.

स्वरूपला चौघांनी उचलून घोड्यावर ठेवलं. घोड्याचं नाव पिंट्या. अंगानं देखणा, नजरेनं शांत. स्वरूपनं टाचा मारल्या. पिंट्या हलला नाही. डोक्यावरून विमानतळाकडे एक विमान घरघरत गेलं, शेजारी हलगी कडाडली, तरी पिंट्याचा कानसुद्धा हलला नाही.

"आजारी हाय काय?" बुद्धप्रियनं विचारलं.

"छ्या! यंदा तीन शर्यती मारल्यात त्येनं," सत्याप्पा दुखावल्यासारखा म्हणाला. "पर आमची शर्यत घोडा-बैलाची असतीया. एका जुवाला घोडा आनि बैल. डाव्या अंगाला सोन्या नसला तर पिंट्या पाऊल टाकत न्हाय. सवंच तशी हाय."

"हे आधी सांगायचं न्हाय का?" स्वरूप वरून ओरडला.

"तुमी घोडा मागितलासा. बैल लागतोय का म्हनून कुनी इचारलं?"

सोन्याला आणलं. पांढराशुभ्र, रुंद पाठीचा, शिंगांना तेल लावलेला. पिंट्याच्या डावीकडे उभा राहिल्याबरोबर पिंट्यानं एक सुस्कारा सोडला आणि पाय झाडले. पण गाडी नव्हती, म्हणून दोघांच्या मानेवर नुसतंच जू ठेवायला लागलं, नाहीतर सोन्या आपल्या वाटेनं घरी निघाला असता. अशा रीतीनं पाच मिनिटांपूर्वी घोड्यावर असलेला वज्रबाहू आता अर्ध्या औतावर आला.

"हे तुझ्या कागदावर नाही," सौम्यानं खालून आठवण करून दिली.

"टेक्निकल गोष्ट हाय ती," स्वरूप म्हणाला. त्याचा आवाज किंचित चिरकला.

आप्पा पन्नास पावलांवर जाऊन उभे राहिले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून ते डाव्या अंगाला सरकले. म्हणजे बैलाच्या बाजूला. घोडा, त्याच्या अलीकडे बैल आणि बैलाच्या अलीकडे शत्रू, अशी मांडणी झाली. ही चूक दीडशे माणसांपैकी एकट्या शालूबाईंच्या लक्षात आली. "अवो, मधी बैल हाय की!" त्या म्हणाल्या. पण कुस्तीच्या मैदानात बाईमाणसाचं कोण ऐकतो? सत्याप्पानं डब्यात खडे घालून वाजवले, पिंट्या आणि सोन्या एकदम उसळले आणि माळावर धुरळा उठला.

आता स्वरूपला आपला डाव आठवला: मान बगलेत धरायची. त्यासाठी तो बैलावरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकला आणि हात लांब केला. आप्पांनी मान काढून घेतली आणि मनगट धरलं. पन्नास वर्षांची सवय होती ती. पुढे त्यांनी काहीच केलं नाही. डाव नाही, पेच नाही. धरलेलं मनगट नुसतं सोडलं नाही, एवढंच.

घोडा पुढे गेला आणि स्वरूप मागे राहिला. तो बैलाच्या पाठीवर जोंधळ्याच्या पोत्यासारखा पालथा आडवा पडला. आप्पांनी तेव्हा मनगट सोडलं, कारण नातवाचा हात निघून हातात येईल अशी त्यांना भीती वाटली. सोन्याला मात्र यात वावगं काही दिसलं नाही. शर्यत सुरू झालीय म्हणजे ती संपेपर्यंत पळायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि शर्यत शाळेच्या भिंतीपाशी संपते हेही ठाऊक होतं, कारण तिथं पेंड मिळते.

माळभर लोक पळत सुटले. पुढं जोडी, जोडीवर स्वरूप, मागं हलगी, हलगीमागं आप्पा लांग सावरत. शाळेच्या भिंतीपाशी सोन्या थांबला. अगदी शिस्तीत, एका जागी, चारी पाय रोवून थांबला. स्वरूपला तशी सूचना नव्हती. तो तसाच पुढं गेला आणि खडीच्या ढिगाच्या अलीकडे, कडक जमिनीवर, बसता आदळला.

मग पहिला आवाज सत्याप्पाचा आला.

"पाठ लागली न्हाय!"

"न्हाय लागली! बूड टेकलंय नुसतं!" दुसरा म्हणाला.

"मग कुस्ती बरोबरीत!"

"बरोबरीत कशी? ह्येला धरून उतरवला की!"

"उतरवला बैलानं. आप्पांनी न्हवं!"

यावर गावात दोन तट पडले. स्वरूप मध्ये बसून कण्हत होता, पण त्याला उठवलं तर निकालाला बाधा येईल म्हणून कुणी हात लावू देईना. शेवटी बुद्धप्रियनं आपण डॉक्टर असल्याचं तीनदा सांगितलं आणि वाट काढली. त्यानं मनगट दाबून पाहिलं, मग कंबर चाचपून पाहिली.

"मनगट मुरगळलंय. माकडहाडाला मार हाय, मोडलेलं वाटत न्हाय. उद्या येऊन फोटो काढून घे. दोन-तीन आठवडे बसायचं न्हाय."

"बसायचं न्हाय म्हणजे?" स्वरूपनं विचारलं.

"म्हणजे उभं राहायचं."

दुपारी सगळे टिळकवाडीत परतले. स्वरूप गाडीच्या मागच्या सीटवर पालथा झोपून आला. आप्पाही बरोबर आले. नातवाला आपल्या हातून लागलं म्हणून त्यांच्या जिवाला चैन नव्हती, आणि तो राक्षस एकदा बघायचाच होता. सौम्यानं चहा विचारला, त्यांनी दूध मागितलं आणि स्वरूपच्या रिकाम्या खुर्चीत ते ऐसपैस बसले. स्वरूप त्यांच्या मागे, गळ्यात हात अडकवून, कपाटाला टेकून उभा राहिला. म्हणजे कपाट आता तसंही उघडत नव्हतं.

सौम्यानं निकाल वाचला. "घोड्यावरून कुस्ती होते हे सकाळी सिद्ध झालं. वज्रबाहू मान्य."

स्वरूपच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर त्याला हेच ऐकायचं होतं.

"तथापि," सौम्या पुढे म्हणाली, कारण वकिलाच्या तोंडून चांगली बातमी एकटी कधी बाहेर पडत नाही. "बैलाशिवाय घोडा चालत नाही हेही सिद्ध झालं. तेव्हा बैल कागदावर पाहिजे. आणि इतकं महत्त्वाचं जनावर कुणीतरी चालवलं पाहिजे. स्वरूपच्या हाताला लागलंय, फासा टाकता येणार नाही. म्हणून आजच्यापुरतं वज्रबाहूचं काम आप्पा बघतील. बैल स्वरूपकडे. बैलाला बोलता येत नाही, तेव्हा स्वरूपनं बोलायचं नाही. मान हलवायची."

"हे कुठल्या नियमात..."

"बैल बोलला," सौम्यानं वहीत लिहिलं. "ताकीद."

खेळ सुरू झाला. दरीच्या काठावर राक्षस आला. बुद्धप्रिय आणि उपासनानं बाण मारून पाहिले. मग वज्रबाहूची पाळी आली.

"राक्षस वजनानं किती?" आप्पांनी विचारलं.

"चारशे किलो."

"आनि आपलं पोरगं?"

"एकशे वीस."

"मग ही जोड लावली कुनी? पंचास्नी अक्कल न्हाय काय?" आप्पांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे. मैदानात आलाय तर माघारी जायाचं न्हाय. पर कुस्ती करायची तर बरोबरीनं. त्यो खाली हुबा ऱ्हातोय आनि ह्यो वर घोड्यावर, हे मला पटायचं न्हाय. मी उतरतो."

"आप्पा, उतरू नका!" कपाटापासून आवाज आला. "सगळी ताकद घोड्यावर हाय! त्रेचाळीस ओळी..."

"बैलाला दुसरी ताकीद," सौम्या म्हणाली. "तिसऱ्याला बैल बाहेर."

स्वरूपनं ओठ घट्ट मिटले. त्यानं मान हलवली. जोरजोरात हलवली. आप्पा त्याच्याकडे पाहून प्रेमानं हसले. "बघा, बैलालाबी पटलं."

वज्रबाहू घोड्यावरून उतरला, मातीला हात लावला, राक्षसाला सलामी दिली आणि आप्पांनी फासा टाकला. वीसपैकी दोन पडले.

"पाठ लागली काय?" आप्पांनी विचारलं.

"लागली," सौम्या म्हणाली. "नंतर त्यानं खाल्लंही."

"खाऊ दे. कुस्ती सरळ झाली." आप्पा उठले, त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मिशीवरचं दूध पुसलं. गुरुवारपासून ते नातवाच्या या खेळाला रिकामपणचा उद्योग म्हणत होते, आज त्यांचं मत बदललं. जाता जाता स्वरूपच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरगं चांगलं हुतं तुजं. वस्ताद न्हवता त्येला, एवढंच."

चौथं पात्र गेलं होतं. सौम्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग स्वरूपकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिलाही थोडं वाईट वाटलं.

"पण बैल जिवंत हाय," उपासना हळूच म्हणाली.

सौम्यानं वहीची पानं उलटली, पुन्हा उलटली. "खरंय," ती म्हणाली. "बैल स्वरूपच्या नावावर आहे. जिवंत आहे. म्हणजे स्वरूप खेळात राहतो." स्वरूपनं निःश्वास सोडला. "खुर्ची मात्र दिपालीला. त्याला नाहीतरी बसता येत नाही."

पुढच्या रविवारी दिपाली आली. आठ महिने वाट बघितल्यामुळे तिची तयारी जय्यत होती. तिचं पात्र व्यापारी होतं. बरोबर तंबू, भांडीकुंडी, मिठाची सोळा पोती आणि एक गाडा होता. तिनं खुर्चीत बसून कागद पसरले, राज्याचा नकाशा पाहिला आणि दरीच्या काठावर चरत असलेल्या जनावरावर बोट ठेवलं.

"हा बैल कुणाचा? माझ्या गाड्याला जुंपला तर चालेल?"

सगळ्यांनी कपाटाकडे पाहिलं. स्वरूपकडे या प्रश्नावर सहा हरकती तयार होत्या, प्रत्येकीला नियमाचा क्रमांक होता, आणि रात्री जागून केलेला नवा तक्ता होता. पण दोन ताकिदी वहीत होत्या. त्यानं सगळा जीव मानेत आणून ती नकारार्थी हलवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"हो म्हणतोय," दिपाली आनंदानं म्हणाली आणि तिनं गाडा जुंपला.

तिचंही काही चुकलं नाही. दारात आलेल्या नंदीबैलानं मान हलवली म्हणजे होकारच, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. बैलाला कुणी कधी विचारलेलं नाही.